तुम्ही विचारा, आम्ही शोधू : पाण्याखालची बाजारगल्ली

प्रश्न : ताई, आमचं मूळ गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं. आबा म्हणतात गावात मोठी पेठ होती, आडत होती, गिरणी होती, दोन शिंपी होते. आता ते थकलेत. कुठलं दुकान कुठं होतं हे कागदावर कुठं मिळेल का? (एक वाचक, पैठण तालुका)

उत्तर : कागद मिळतील भाऊ, पण आधी आबा. कागद कुठं पळत नाहीत.

आणि आबांना "कोणकोणती दुकानं होती" असं विचारू नका, चार नावं सांगून गप्प बसतात म्हातारी माणसं. त्यांना म्हणा, आबा मला वेशीपासून नदीपर्यंत चालत न्या. मी माझ्या मामाच्या बाबतीत हेच केलं, तेही बुडालेल्या गावचे. त्यांनी घोंगडीवर काड्यापेटीतल्या काड्या मांडल्या, ही वेस, हा मारुतीचा पार, पाराच्या अंगाला न्हावी बसायचा, पुढं लोहाराचा भाता, आणि एका ठिकाणी काडी ठेवली, उचलली, परत ठेवली, म्हणे गिरणी इथं नव्हती, कारण इंजिनाचा पुकपुक आवाज आमच्या ओसरीत उजव्या कानाला यायचा. असली साक्ष कुठल्या रजिस्टरात मिळणारे सांगा! मामींना विचारलं तर त्यांचा नकाशाच वेगळा निघाला, त्यात आड, कासाराचं घर आणि वाण्याकडं उधारी मांडायची वही, आडतीचा पत्ताच नाही. दोन्ही लिहून घ्या.

आता कागद. 1954-55 चं खासरा पत्रक सगळे आधी काढायला सांगतात, पण ते शेतीचं, त्यात दुकान सापडायचं नाही. निजामाच्या काळातले कागद बरेचदा उर्दूत असतात, वाचणारा शोधावा लागतो. तुमच्या कामाचा कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा, सरकारनं घेतलेल्या जमिनी-घरांचा मोबदला ठरवणारा हुकूम. धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, त्या मधल्या वर्षांत शंभराहून जास्त गावं उठली, आणि मोबदला ठरवायचा म्हणून घरांचं मोजमाप झालं. भिंत दगडाची की मातीची, वर धाबं की पत्रे, मालक कोण. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करा, नाहीच दिलं तर माहिती अधिकार. एक लक्षात ठेवा, त्यात मालक सापडेल, धंदा सापडेलच असं नाही, भाड्याच्या ओट्यावर मशीन टाकून बसलेला शिंपी त्या यादीत कशाला येईल. म्हणून आबा आधी म्हटलं.

पेठ खरंच मोठी होती का (रागावू नका, प्रत्येकाचं बुडालेलं गाव मोठंच असतं) ते बघायला 1971 च्या जनगणनेचं जिल्हा पुस्तक चाळा. त्यात गाववार लोकसंख्या, शाळा, पोस्ट आणि आठवडी बाजाराचा वार दिलेला असतो. वार छापला असेल तर आबा जिंकले.

प्रत्यक्ष जायचं तर मे महिन्यात, धरण मृतसाठ्याकडं, म्हणजे अगदी तळाच्या पाण्यावर गेलं की. भिंती दिसतील अशी आशा ठेवू नका. लोकांनी जाताना सागवानी तुळया, चौकटी, दारं बैलगाडीत घालून नव्या गावठाणात नेली, आणि धाबं उतरवल्यावर पांढऱ्या मातीची भिंत पावसापुढं किती टिकणार. राहतात ती दगडी जोती, आडाचं तोंड, देवळाचे चिरे. मला एका फरशीत गुळगुळीत झालेलं उखळ दिसलं होतं, आत गाळ भरलेला, आणि आजूबाजूला कुणीतरी गाळपेर, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात पेरणी केलेली. गाळात एकटं जाऊ नका, वरून वाळलेला दिसतो आणि गुडघ्यापर्यंत पाय जातो, माझी चप्पल अजून तिथंच आहे.

प्रश्न : धरण पैठणला आणि नाव जायकवाडी, असं का? (एक वाचिका, गेवराई)

उत्तर : कारण आधी धरण तुमच्याच बीड जिल्ह्यात जायकवाडी गावाजवळ बांधायचं ठरलं होतं. पुढं जागा बदलून वर पैठणला गेली पण फायलीवरचं नाव तेच राहिलं. थोडक्यात जायकवाडी वाचली आणि वरच्या बाजूची आमची गावं गेली, मामा हे सांगताना अजून हसतात.