परवाना, परवानगी आणि बिचारी पैज

चोपड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: खऱ्या खेळाडूंचा मनातला संघ निवडून, पैसे लावून खेळायच्या फँटसी क्रिकेटला महाराष्ट्र सरकारचा ‘परवाना’ होता की ‘परवानगी’? आणि त्या खेळाला पैज म्हणायचं की जुगार?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे दोन्ही नव्हतं. ‘ॲपला सरकारची परवानगी आहे’ हे जळगावच्या टपऱ्यांवर ऐकून कान किटलेत. परवानगी मागून मिळते, तोंडीही चालते. परवाना म्हणजे कागद. त्याला फी असते, मुदत असते, अटी मोडल्या तर तो रद्दही होतो. असा परवाना नागालँडने 2016 मध्ये कायदा करून ठेवला, त्यात फँटसी लीगही धरल्या. आपल्याकडे होता 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम 13 ने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले, आणि ‘आमचा खेळ कौशल्याचाच’ म्हणत कंपन्या तिथून आत आल्या. याला मराठीत सूट म्हणतात! 2025 च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. तेव्हा ‘परवाना गेला’ असंही कृपा करून म्हणू नका.

आता पैज. एका जाणकारांनी मला ऐकवलं की पैज ‘पैसा’वरून आली. काहीतरीच! संस्कृत ‘प्रतिज्ञा’, प्राकृतात ‘पइज्जा’, मराठीत ‘पैज’. म्हणजे पैजेच्या पोटात पैसा नाही, दिलेला शब्द आहे. ज्ञानेश्वरीत मराठी बोल ‘अमृतातेंही पैजां जिंके’, तिथे काय अमृताने शंभराची नोट काढून ठेवली होती? आणि आमची अहिराणी ऐका: ‘तापी पोहीसन पार करसू, लाव पैज!’ आधी प्रतिज्ञा, मग पैज. माझं तर म्हणणं असं की जो स्वतः पाण्यात उतरणार आहे त्यानेच पैज लावावी. अकरा परक्या खेळाडूंची नावं निवडून सोफ्यावर लोळणाऱ्याची कसली प्रतिज्ञा? कायद्यातल्या ‘बेटिंग’ला बेधडक ‘पैज’ लिहिणाऱ्या भाषांतरकारांना हे कोण सांगणार! तिथे ‘सट्टा’ लिहा. कापसाच्या मुलखात तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

जुगाराचं मूळ ‘द्यूतकार’ धरतात, म्हणजे खेळणारा. खेळणाऱ्याचं नाव खेळालाच चिकटलं, मग खेळणाऱ्यासाठी ‘जुगारी’ नव्याने घडवावा लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटणारे आमचे लोक मात्र दोन्ही शब्द टाळून ‘सणाचा खेळ’ म्हणतात. पोलीस म्हणत नाहीत.

परवान्यासाठी मंत्रालयाची लाडकी ‘अनुज्ञप्ती’ राहिलीच. ती उच्चारता येईल त्याने तिच्यावर लिहावं.