नागपूर विमानतळाचा इतिहास काय आहे, आणि तिथे कोणत्या सोयी आहेत?

याचं जुनं नाव सोनेगाव. आजही कितीतरी जुने नागपूरकर तसंच म्हणतात. सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या काळातली, लष्करी कामासाठी. पण खरा अभिमानाचा भाग पुढचा आहे. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास अशा चारही दिशांनी डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपुरात भेटायची. तिथे पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. काल रात्री मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कोलकात्यात! देशाच्या मधोमध असण्याचा इतका सुंदर उपयोग दुसरा कुठे झाला असेल असं मला वाटत नाही. निदान एक फलक तरी त्याच्या आठवणीसाठी टर्मिनलमध्ये ठळक दिसायलाच हवा.

2005 मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, 2008 मध्ये नवं टर्मिनल आलं. धावपट्टी 3,200 मीटर, म्हणजे मोठी विमानंही आरामात उतरतात. शेजारच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र आहे. परदेशात थेट जायचं तर भर आखाती देशांवर, तिकीट काढण्याआधी वेळापत्रक बघाच. शहर आठेक किलोमीटरवर. सामान कमी असेल तर वर्धा रोडवरची मेट्रो सोयीची, फक्त स्टेशन टर्मिनलला लागून नाही, हे लक्षात ठेवा.