‘स्टार्टअपचं कोऑर्डिनेशन’ ही नोकरी असते का?

ताई, नमस्कार.

तुमची लेक रत्नागिरीत बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वतःचा धंदा करायचा नाही आणि पुण्याच्या कंपनीत कायमचं जायचं नाही, असं ती म्हणते. नव्या कल्पना घेऊन धडपडणाऱ्यांना प्रयोगशाळा, पैसा, परवाने आणि माणसं मिळवून द्यायचं काम तिला करायचंय, आणि तेही पुढे कोकणात. असं काम असतं का, पगार कोण देतं आणि स्थळ आलं की सांगायचं काय, हे तुमचे तीन प्रश्न. बचत गटाच्या आंबापोळीसाठी ड्रायर घ्यायला मोसमभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेत, हेही तुम्ही सहज म्हणून लिहिलंय. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं.

काम असतं. देशात त्याची मोठी साखळी उभी आहे. 2016 मध्ये स्टार्टअप इंडिया आणि नीती आयोगाचं अटल इनोव्हेशन मिशन सुरू झालं. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा ‘निधी’ कार्यक्रम आहे, जैवतंत्रज्ञानासाठी केंद्र सरकारची ‘बायरॅक’ ही संस्था आहे, शिक्षण मंत्रालयाचा इनोव्हेशन सेल आहे आणि आपल्या राज्याची 2018 पासूनची नावीन्यता सोसायटी आहे. यातला बराच पैसा थेट तरुणांच्या खात्यात येत नाही, तो इनक्युबेशन सेंटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना जागा, सल्ला आणि आधार देणाऱ्या केंद्रांमार्फत वाटला जातो. 2021 ची 945 कोटींची सीड फंड योजनाच घ्या. प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिला नमुना बनवायला, 20 लाखांपर्यंत अनुदान त्यात ठेवलं, पण निवड अशा केंद्राच्या (इनक्युबेटरच्या) समितीकडे दिली. अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो हे खरं, पण कल्पना तपासून घ्यायला आणि अर्ज नीट मांडायला जवळ माणूस नसेल तर सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या मुलाला मुंबईत आयआयटीशेजारी पवईला राहणाऱ्या मुलाइतकी संधी मिळत नाही. माझ्या मते आपल्याकडची खरी उणीव हीच आहे. योजना पुष्कळ आहेत, पण एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत सोबत जाणारं माणूस नाही.

हे नेमकं कसं दिसतं ते सांगतो. मार्च-एप्रिलात काजूची बी काढून घेतली की बोंडू झाडाखाली कुजत पडतात. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचं हे फळ, त्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा जास्त. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे बहुतेक वाया जातं. समजा, एखाद्या मुलाला त्याचं सरबत बाटलीत भरायचंय. अडचणी दोन. बोंडू पडला की दुसऱ्या दिवसापर्यंत आंबायला लागतो, आणि टॅनिन या तुरट घटकामुळे रस घशाला धरतो. तुरटपणावर उपाय सापडलेला आहे: शिजवलेला साबुदाणा रसात घातला की टॅनिन खाली बसतं आणि रस निवळतो. ही पद्धत केरळ कृषी विद्यापीठाच्या त्रिशूरजवळच्या मडक्कतरा काजू संशोधन केंद्राने वापरात आणली. इकडे वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र मुलाच्या घरापासून फार लांब नाही, पण त्याला तिथे कुणाला भेटायचं ते ठाऊक नाही. मग बाटलीतल्या रसाची सूक्ष्मजीव तपासणी, अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना, ब्रँडची ट्रेडमार्क नोंदणी, मशीन बनवणारा आणि भांडवल. त्रिशूरपासून बँकेपर्यंत प्रत्येक जण आपापलं काम चोख करत असतो, तरी मुलगा मध्येच अडकतो, आणि तोवर हंगाम सरतो.

तुमच्या लेकीला करायचंय ते काम या मधल्या जागेतलं आहे. तिची डिग्री त्यात वाया जात नाही. रस का आंबतो, यीस्ट किती वाढलं की बाटली फुगते, तपासणीच्या अहवालातला आकडा खरा की खोटा, हे तिला कळतं. नुसत्या ‘कोऑर्डिनेटर’ला ते कळत नाही, आणि उद्योजक अशा माणसावर फार दिवस भरवसा ठेवत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की तिने एक क्षेत्र हाडीमाशी खिळवावं. आंबा-काजू-कोकम प्रक्रिया घ्यावी किंवा मासळी, पण एकच. रत्नागिरीत राहून मासळी निवडली तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि मिरकरवाडा बंदर दोन्ही हाताशी आहेत. फळप्रक्रिया निवडली तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे.

कॉलेजच्या ई-सेलमध्ये, म्हणजे उद्योजकता कक्षात, ती कार्यक्रम भरवते, असं तुम्ही लिहिलंय. चांगलंच आहे, पण स्पर्धा, बॅनर आणि प्रमाणपत्रं एवढ्यावर थांबू नये. त्या स्पर्धेतल्या एखाद्या गटाला पुढचं वर्षभर धरून ठेवून काय झालं, हे तिला सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत मी असतो तर एवढंच विचारलं असतं. आणि या मे महिन्यात तुमच्याच ड्रायरची फाइल तिच्या हाती द्या. केंद्राच्या 2020 च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान ठरलेलं आहे, ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं; योजनेची मुदत चालू आहे ना, ते आधी विचारा. कोटेशन, प्रकल्प अहवाल, बँकेतल्या खेपा हे सगळं तिने केलं आणि तरीही तिला त्यात गोडी वाटली, तर ती या वाटेला लायक आहे. याच योजनेत ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमतात. त्यांना महिना पगार नसतो. अर्धा मोबदला कर्ज मंजूर झाल्यावर आणि उरलेला नोंदण्या-परवाने वगैरे पूर्ण झाल्यावर मिळतो. शिकायला उत्तम, पण पहिली नोकरी म्हणून त्यावर विसंबू नये.

पहिली दोन-तीन वर्षं तिने बाहेर काढावीत, असं मला स्पष्ट वाटतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर 2007 पासून विज्ञानावर आधारलेल्या स्टार्टअपसाठी काम करतंय, मुंबईत आयआयटीचं ‘साइन’ हे इनक्युबेशन सेंटर आहे. अशा ठिकाणी प्रोग्राम असोसिएट म्हणून लागलं की अर्जांची छाननी, अनुदानाचे हप्ते, पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रं, तज्ज्ञांच्या बैठका हे सगळं हाताखालून जातं. बायरॅकच्या ‘बिग’ अनुदानाचा, म्हणजे 50 लाखांपर्यंतच्या रकमेचा अर्ज कशामुळे नाकारला जातो आणि कशामुळे मंजूर होतो, हे तिथे बसूनच कळतं. पुढे शिकायचं असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) सामाजिक उद्योजकतेचा अभ्यासक्रम आहे, अहमदाबादला ईडीआयआय ही उद्योजकता विकास संस्था आहे.

एक परीक्षा मात्र तिने जरूर द्यावी, ती म्हणजे पेटंट एजंटची, म्हणजे दुसऱ्यांचे पेटंटचे अर्ज तयार करून दाखल करणाऱ्याची. विज्ञानाची पदवी आणि वयाची 21 वर्षं पूर्ण असली की बसता येतं, वकिली लागत नाही. पोरं स्पर्धेत सगळी युक्ती स्लाइडवर दाखवून मोकळी होतात आणि नंतर पेटंटचं विचारतात. जाहीर झालेल्या गोष्टीचं नावीन्य कायद्यापुढे टिकवणं अवघड जातं. आधी अर्ज, मग प्रदर्शन, हे वेळेत सांगणारं माणूस जिल्ह्यात असणं फार मोलाचं आहे, आणि पेटंट एजंटला स्वतःची फीही मिळते.

आता पगार. सुरुवातीला आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा कमी मिळेल, आणि नेमणूक बहुधा कंत्राटी, प्रकल्पाच्या मुदतीची. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. घरात कर्जाचा हप्ता तिच्या पगारावर अवलंबून असेल तर आधी क्वालिटी कंट्रोलची नोकरी धरावी आणि दोन वर्षांनी इकडे वळावं. त्यात काही बिघडत नाही, उलट फॅक्टरी आतून कळते. नेमणूकपत्र हातात आलं की पैसा कोणत्या योजनेतून येतोय, ती कधी संपते, आणि संपल्यावर संस्था स्वतःच्या उत्पन्नातून पगार देणार का, हे तिने संकोच न करता विचारावं.

स्थळ आलं तर सांगा, ‘मुलगी इनक्युबेशन सेंटरमध्ये आहे, नव्या कारखानदारांचे प्रकल्प मार्गी लावते.’ समजणाऱ्यांना तेवढ्यात समजतं. न समजणाऱ्यांसाठी तिने वाट बदलू नये, असं मला मनापासून वाटतं.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय तुम्ही कळवलेला नाही. तो अन्न किंवा मासळीशी जोडलेला असेल तर कोणत्या केंद्राकडे आधी अर्ज करायचा ते मला नेमकं सांगता येईल. तेवढं तिलाच लिहायला सांगा.