ट्रकसाठीच्या सुरक्षा मोहिमेने अपघात खरंच कमी झाले, हे कसं ओळखायचं?

नुसता अपघातांचा आकडा बघू नका. गाड्या किती किलोमीटर धावल्या त्याने भागा. दर लाख किलोमीटरमागे किती अपघात, हा हिशोब धरा. धंदा मंदावला की अपघात आपोआप घटतात आणि श्रेय प्रशिक्षणाला जातं.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये तिथे अपघातांत १५१ जणांचा जीव गेला, त्याच वर्षी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’चं, म्हणजे रस्त्यावर एकही मृत्यू होऊ नये यासाठीच्या मोहिमेचं काम सुरू झालं आणि पुढे मृत्यू बरेच घटले. पण २०२० चा आकडा पुरावा म्हणून मांडू नये, कारण लॉकडाऊनमध्ये रस्ताच रिकामा होता. शिवाय मोहीम बहुधा सगळ्यात वाईट वर्षानंतर सुरू होते, आणि तसं वर्ष सरलं की आकडा काहीसा खाली येतोच. म्हणून आधीची तीन-चार वर्षं आणि मोहीम नसलेला तसाच दुसरा रस्ता, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

तुमच्याकडे वीस-पंचवीस ट्रक असतील तर जीवघेण्या अपघातांवरून काहीच कळणार नाही, ते सुदैवाने तेवढे होतच नाहीत. त्याऐवजी जीपीएसमधले कचकन ब्रेक, ८० च्या वरचा वेग, सलग किती तास स्टिअरिंगवर, हे मोजा. बोरघाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली जाते का, हे तर आवर्जून तपासा. इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.

माझ्या मते पहिला प्रश्न ड्रायव्हरच्या झोपेचा विचारावा. पोहोचायची वेळ तीच कडक ठेवून नुसतं व्याख्यान दिलं, तर मोजण्यासारखा फरक पडणं कठीण.