मायक्रोवेव्हमध्ये आठ तासांची रिॲक्शन दहा मिनिटांत कशी उरकते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: रिफ्लक्सला (म्हणजे द्रावक उकळत ठेवून, त्याची वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत) आठ तास घेणारी रिॲक्शन मायक्रोवेव्हमध्ये दहा मिनिटांत होते ती लहरी रेणूंचे बंध सैल करतात म्हणून का, आणि घरचा ओव्हन वापरला तर चालेल का. दुसरीचं उत्तर आधी देऊन टाकतो: अजिबात नको. पहिलीचंही उत्तर ‘नाही’च आहे, पण ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

बंधांची ती गोष्ट सुरुवातीला मीही खरी मानली होती. पण हिशेब करून बघा. मायक्रोवेव्ह चालतो त्या २.४५ गिगाहर्ट्‌झ लहरीच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एका पुडीत, ऊर्जा असते सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कार्बन-कार्बन बंध तोडायला लागतात साडेतीनच्या वर. हायड्रोजन बंधसुद्धा तिच्या आवाक्यात येत नाही. लहर एवढंच करते: ध्रुवीय रेणू बदलत्या विद्युतक्षेत्रामागे वळू पाहतात, सेकंदाला अडीच अब्ज आवर्तनांच्या त्या घाईत मागे पडतात आणि त्या ओढाताणीची उष्णता होते. द्रावणात आयन असतील तर तेही इकडून तिकडे धावतात आणि भर घालतात. म्हणजे शेवटी मिळते ती साधी उष्णताच, फक्त काच आधी तापायची वाट न बघता थेट द्रवात.

मग वेग येतो कुठून? बंद झाकणातून. इथेनॉल उघड्या फ्लास्कमध्ये ७८ अंशांच्या वर जात नाही, ऑइल बाथ कितीही तापवा. तेच सीलबंद वायलमध्ये, म्हणजे जाड काचेच्या छोट्या बाटलीत, १६० अंशांना नेता येतं. आत बारा बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे बारा पट) आसपास दाब होतो आणि वायल तो सहज पेलते. दर दहा अंशांना वेग दुप्पट हा ढोबळ नियम लावला तर ८० वरून १६० म्हणजे आठदा दुप्पट, २५६ पट. तुमचे आठ तास दोन मिनिटांवर आले! प्रत्यक्षात प्रत्येक रिॲक्शन एवढी आज्ञाधारक नसते, पण दहा मिनिटांत जादू नाही हे एवढ्यावरून कळतं.

यावरचं माझं आवडतं उदाहरण ऑर्थो-फेनिलीनडायअमाइन आणि ॲसेटिक ॲसिडपासून होणाऱ्या २-मिथाइलबेन्झिमिडॅझोलचं. खोलीच्या तापमानाला नऊ आठवडे, १०० अंशांना पाच तास, १६० ला दहा मिनिटं, २०० ला तीन मिनिटं आणि २७० ला जेमतेम एक सेकंद. हे ज्यांच्या गटाने दाखवलं त्या ग्राट्झ विद्यापीठाच्या ऑलिव्हर काप्पे यांनीच सिलिकॉन कार्बाइडच्या वायलमध्ये रिॲक्शन्स करून पाहिल्या. ते भांडं लहरी स्वतःच शोषतं, आतल्या मिश्रणापर्यंत त्या जवळजवळ पोचतच नाहीत. तरी तापमान तेच ठेवलं की रूपांतरण आणि यील्ड (हाती आलेलं उत्पादन) काचेच्या वायलसारखंच आलं. उष्णतेपलीकडे ‘मायक्रोवेव्हचा खास परिणाम’ असतो का, या वादात माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

घरच्या ओव्हनबद्दल तुम्ही म्हणाल, सुरुवात तर तिथूनच झाली. खरं आहे, १९८६ चे पहिले दोन शोधनिबंध घरगुती ओव्हनवरच्या कामाचे होते. पण त्यात ना आतल्या तापमानाचा पत्ता, ना स्टरिंग, ना दाबावर नियंत्रण. कमी पॉवरवर लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन चालू-बंद होत राहतो. सॉल्व्हंटची (द्रावकाची) वाफ कोंडली आणि ठिणगी पडली की संपलं.

लॅबचं यंत्रसुद्धा फसवतं, हे मी एकदा चांगलंच शिकलो. स्टार्टिंग मटेरियल थोडंच उरलं होतं म्हणून दोन मिलिलिटर किमान लागणाऱ्या वायलमध्ये अर्धा मिलिलिटर घालून रिॲक्शन लावली. स्क्रीनवर १४० अंश स्थिर. बाहेर काढलं तर तळाला डांबर, टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या पट्टीवर) तळरेषेपासून वरपर्यंत एकच फराटा. इन्फ्रारेड सेन्सर वायलच्या बाहेरच्या काचेचं तापमान वाचतो. आत द्रव त्या उंचीपर्यंत नव्हताच, त्यामुळे यंत्र थंड काच बघून पॉवर वाढवत राहिलं. त्यानंतर मी ‘इतके वॅट, इतकी मिनिटं’ एवढंच लिहिलेली पद्धत बघितली की पुढे वाचत नाही. वॅटवरून रिॲक्शन पुन्हा तशीच करता येत नाही, तापमानावरून येते.

मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर मात्र आशा आवरा. लहरी द्रवात काही सेंटिमीटरच शिरतात, त्यामुळे मोठ्या भांड्यात मधला भाग पुन्हा नेहमीच्या पद्धतीनेच तापतो. तिथे तेच तापमान-दाब घेऊन फ्लो रिॲक्टरकडे, म्हणजे मिश्रण तापलेल्या नळीतून सतत वाहवणाऱ्या यंत्राकडे, वळणं बरं.

सुरुवात कराल तेव्हा रिफ्लक्सपेक्षा ४० ते ५० अंश वर, दहा मिनिटं, मग टीएलसी. स्टार्टिंग मटेरियलचा स्पॉट तसाच असेल तर वेळ वाढवण्याआधी तापमान वाढवा. नको असलेले नवे स्पॉट उगवले असतील तर तापमान उतरवा. अझाइड, पेरॉक्साइड, बरेच नायट्रो गट असलेलं काही असेल तर वायल सीलच करू नका.

सॉल्व्हंट कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. टोल्युईन किंवा हेक्झेन असेल तर ते लहरींना जवळजवळ दादच देत नाहीत, यंत्र पूर्ण पॉवर लावूनही काटा रेंगाळतो. तेव्हा एक तर सॉल्व्हंट बदला किंवा वायलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचा छोटा तुकडा टाका. तो तापतो आणि द्रवाला तापवतो.