नकाशा एकच, वेग वेगळा
वाचकांचे प्रश्न : उपग्रह इंटरनेट

प्रश्न : कंपनीच्या नकाशावर सगळीकडे ‘सेवा उपलब्ध’ असा एकच रंग दिसतो. मग खेड्यात भरपूर वेग आणि शहरालगत संध्याकाळी रडगाणं, असं का? आणि काही देश कोरे का?

तो नकाशा वेगाचा नाहीच. रंगाचा अर्थ एवढाच की तिथून उपग्रह दिसतो आणि तिथल्या सरकारनं परवाना दिलाय. कोऱ्या देशांवरून उपग्रह जात नाहीत असं नाही. चीनवरून स्टारलिंकचे (खालच्या कक्षेतून इंटरनेट देणाऱ्या सेवेचे) उपग्रह रोज जातात, पण तिथे सेवा नाही. बीम (सिग्नलचा झोत) कुठे टाकायचा आणि कुठे नाही, हे सॉफ्टवेअर ठरवतं.

वेग ठरतो वाटणीवर. जमिनीचे साधारण वीसेक किलोमीटर रुंदीचे तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्याच्या वाट्याला येणारी क्षमता त्यातल्या सगळ्या डिशमध्ये वाटली जाते. तुकड्यात दहा घरं असोत की हजार, मूळ क्षमता ठरावीकच. केनियात नैरोबी आणि आसपासच्या भागात २०२४ च्या अखेरीस स्टारलिंकनं नव्या जोडण्या काही महिने थांबवल्या होत्या, त्या याच कारणानं. मोबाइलचे टॉवर वाढवून गर्दी फोडता येते, पण खालच्या कक्षेतला उपग्रह एका शहरासाठी जागेवर उभा करता येत नाही.

अक्षांशाचाही हिशेब आहे. स्टारलिंकच्या बऱ्याच उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५३ अंशांचा कोन करतात. असा उपग्रह ५३ अक्षांशाजवळ पोहोचून वळतो, त्यामुळे त्या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळतो. इंग्लंडच्या आकाशात गर्दी, विषुववृत्तावर विरळ. त्यातून विषुववृत्तावर भूस्थिर (पृथ्वीसोबत फिरल्यानं एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांची रांग नेमकी डोक्यावरून जाते. त्यांच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करायची नाही असा आंतरराष्ट्रीय नियम असल्यानं खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना तो पट्टा टाळावा लागतो. म्हणजे आधीच उपग्रह कमी आणि वर आकाशाचा मधला भागही हातचा गेलेला. ध्रुवाकडे वेगळीच अडचण : ५३ अंशांची कक्षा तिथवर पोहोचतच नाही. तिथे वनवेब या दुसऱ्या उपग्रह सेवेसारख्या जवळजवळ ध्रुवीय कक्षा (उंची १,२०० किमी) किंवा स्टारलिंकच्या ७० आणि ९७.६ अंशांच्या कक्षा कामी येतात.

भर समुद्रात आणखी एक अट. उपग्रहात दुसऱ्या उपग्रहाशी जोडणारा लेझर दुवा नसेल, तर तुमची डिश आणि जमिनीवरचा गेटवे (उपग्रहाला इंटरनेटशी जोडणारं केंद्र) त्याला एकाच वेळी दिसावे लागतात. ५५० किमी उंचीवरून ही नजर चहूबाजूंना साधारण ९०० किमी पोहोचते. लेझर असलेले उपग्रह डेटा एकमेकांकडे सरकवत दूरच्या गेटवेपर्यंत नेतात.

घेण्याआधी देशाची सरासरी विचारू नका. तुमच्याच परिसरातल्या कुणाकडे डिश असेल तर त्याचा रात्री ८ ते ११ या वेळेतला वेगाचा आकडा विचारा.

प्रश्न : भूस्थिर उपग्रहाची जोडणी आहे. डाउनलोड ठीक, पण व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच बोलायला लागतात. ऑफिसचं व्हीपीएन लावलं की सगळंच रांगतं.

अंतराचा दोष आहे, त्याला औषध नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमीवर. तुमचा सिग्नल वर, मग खाली गेटवेला. उत्तर पुन्हा वर आणि खाली. चार टप्पे, सुमारे १,४३,००० किमी. प्रकाशाच्या वेगानंही ४८० मिलिसेकंद जातात, प्रत्यक्षात पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ६०० च्या वर दिसतो. ५५० किमीवरच्या उपग्रहासाठी हेच गणित ७-८ मिलिसेकंदांचं; बाकीच्या वाटचालीसह २५ ते ६०.

व्हीपीएनचा, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या कुलूपबंद मार्गाचा, घोटाळा जरा बारकाईचा आहे. संगणक ठरावीक डेटा पाठवून पोच येईपर्यंत थांबतो. ही मर्यादा ६४ केबी आणि फेरी ०.६ सेकंदाची असेल तर वेग ०.९ एमबीपीएसच्या आतच अडकतो, मग प्लॅन कितीचाही असो. हे टाळायला भूस्थिर सेवांची उपकरणं मधल्यामध्ये पोच देऊन टाकतात. व्हीपीएननं सगळं कुलूपबंद केलं की उपकरणाला आतलं काही दिसत नाही आणि ही युक्ती निकामी होते. उपाय : फक्त ऑफिसचे पत्ते व्हीपीएनमधून जातील, बाकीचं सरळ जाईल अशी विभागणी आयटीवाल्यांकडून करून घ्या.

प्रश्न : स्टारलिंकची स्पीड टेस्ट १५० दाखवते, तरी कॉल मधूनच दोन-तीन सेकंद गोठतो. डिश खराब आहे का?

बहुधा झाड आहे. स्पीड टेस्ट काही सेकंदांची असते, तिच्यातून ही खाच निसटते. ॲपमधला अडथळ्यांचा नकाशा एक दिवसभर भरू द्या आणि मग पाहा. १ टक्का अडथळा म्हणजे किरकोळ वाटतं, पण तासाला ३६ सेकंद होतात, तेही तुकड्यातुकड्यांत. सिनेमा बफरवर निभावतो, कॉल नाही.

किती लांब बसवायची? उपग्रह क्षितिजापासून २५ अंशांवर आला की कामाला लागतो असं धरा. झाडाचा शेंडा डिशपेक्षा १० मीटर उंच असेल तर डिश त्यापासून किमान २१ मीटर हवी. तेवढी जागा नसेल तर खांब उंच करा. ५ मीटर उचलली तर अंतर निम्मं होतं. निष्पर्ण झाडाखाली बसवून ‘चालतंय की’ म्हणू नका, पालवी फुटली की कळेल. ओली पानं तर आणखी अडवतात.

आकाश मोकळं असूनही त्रास असेल तर राउटरला केबल लावून दोन मिनिटं सलग पिंग चालवा. दर १५ सेकंदांनी, म्हणजे घड्याळात १२, २७, ४२ आणि ५७ व्या सेकंदाला, आकडे एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारताना दिसतील. तेव्हा डिशच्या वाट्याचा उपग्रह नव्यानं ठरवला जातो. ही उडी निरोगी आहे. पायरी सोडून मध्येच पिंग हरवत असेल तर अडथळा किंवा कनेक्टर, आणि केबलऐवजी वायफायवरच हरवत असेल तर उपग्रहाला बोल लावू नका.

प्रश्न : पावसात नेट जातं. कधी कधी इथे ऊन असतानाही!

केयू आणि केए हे उपग्रहांच्या रेडिओ लहरींचे दोन पट्टे. केयू बँडच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, केए बँडच्या त्याहून आखूड. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. केएला जास्त फटका. साध्या ढगांनी फारसं बिघडत नाही. तुमच्याकडे ऊन असेल तर गेटवेवर पाऊस कोसळत असू शकतो. भूस्थिर जोडणीला विषुवदिनांच्या आसपास आणखी एक ठरलेली खोट : सूर्य बरोबर उपग्रहामागे येतो आणि काही दिवस, रोज त्याच वेळी, काही मिनिटं नेट बसतं. डिशला हात लावू नका, आपोआप थांबतं.

प्रश्न : वीज गेल्यावर बॅटरीवर किती चालेल?

नेहमीची डिश सरासरी ७५ वॉट धरा, म्हणजे दिवसाला १.८ युनिट. १२ व्होल्ट १०० एएच लिथियम बॅटरीतून वापरण्याजोगे ९६० वॉट-तास मिळाले तर पावणेतेरा तास. इन्व्हर्टर आपला दहावा हिस्सा खाईल. छोटी डिश २५ ते ४० वॉट घेते. बर्फ वितळवण्याची सोय सुरू राहिली तर हा हिशेब कोलमडतो, बॅटरीवर असताना ती बंद ठेवा.

प्रश्न : घरचा कॅमेरा बाहेरून उघडत नाही. पोर्ट फॉरवर्ड केलं (राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडली), तरीही.

राउटरच्या स्टेटस पानावर इंटरनेटचा (आयपी) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होतो का, पाहा. तसं असेल तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि तुमचं पोर्ट बाहेरून दिसणारच नाही. घरातून बाहेर जोडणी करणारं व्हीपीएन किंवा कॅमेरा कंपनीचं क्लाउड वापरा, नाहीतर सार्वजनिक पत्ता देणारा प्लॅन घ्या.