डॉसमध्ये कॉपी-पेस्ट होत नाहीये, काय करू?

तुम्ही म्हणताय व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कम्प्युटरच्या आत दुसरा कम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) फ्रीडॉस, म्हणजे जुन्या डॉससारखीच मोफत सिस्टीम, टाकलंय, बाहेर कॉपी केलेलं आत पेस्ट करू देणारा शेअर्ड क्लिपबोर्ड चालू केलाय, तरी कंट्रोल व्ही दाबलं की नुसतं टोपीचं चिन्ह आणि व्ही उमटतं. तुमचं काही चुकलेलं नाही. डॉसला स्वतःचा क्लिपबोर्डच नाहीये, आणि शेअर्ड क्लिपबोर्डला आतून जी गेस्ट अ‍ॅडिशन्स (आतल्या सिस्टीमवर टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे जोडप्रोग्राम) लागतात ती डॉससाठी मिळत नाहीत. कंट्रोल सी तर जपून दाबा, तिथे त्याचा अर्थ चालू काम तोडा असा होतो.

मग विंडोजच्या डॉस खिडकीत पेस्ट कसं व्हायचं? तर तिथे विंडोज आपल्या वतीने एकेक अक्षर टाईप करायचं, बिचाऱ्या प्रोग्रामला वाटायचं समोर कोणीतरी बसलंय. मशीद बंदरला एका मसाल्याच्या दुकानात डॉसवरचा स्टॉकचा प्रोग्राम होता, विंडोज ९८ वर चालायचा, त्यात मालाची यादी पेस्ट केली की मधली अक्षरं गळायची, दालचिनीचं दालनी झालेलं मी स्वतः पाहिलंय. प्रॉपर्टीजमध्ये मिसलेनियसच्या पानावर फास्ट पेस्टिंगची टिक काढली आणि मग एकेक अक्षर सावकाश पण नीट पडायला लागलं, अख्खी यादी संपेपर्यंत मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. बायोसच्या (कम्प्युटरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) किबोर्ड बफरमध्ये, म्हणजे दाबलेल्या कीज थांबतात त्या जागेत, जेमतेम १५ कीज मावतात, प्रोग्राम त्या वेळेवर उचलत नसेल तर पुढच्या जातात कुठे?

तुमच्याकडेही तोच मार्ग आहे. बाहेरच्या मशीनवर, म्हणजे तुमच्या खऱ्या कम्प्युटरवर, कमांड द्या: व्हीबॉक्समॅनेज कंट्रोलव्हीएम (VBoxManage controlvm), मग आतल्या मशीनचं नाव, मग किबोर्डपुटस्ट्रिंग (keyboardputstring) आणि अवतरणात मजकूर, की आत आपोआप टाईप होतं. एकदोन ओळींना हे मस्त आहे. पानभर मजकूर असेल तर मात्र हट्ट करू नका, सरळ टेक्स्ट फाईल फ्लॉपी इमेजमध्ये (फ्लॉपीसारखी वागणारी फाईल) घाला, ती मशीनला जोडा आणि ए ड्राईव्हवरून कॉपी करा, आतलं बाहेर आणायलाही तीच फ्लॉपी, कमांडपुढे मोठ्याचं चिन्ह (>) देऊन आऊटपुट थेट तिच्यावर फाईलीत लिहायचं. आणि तीच कमांड परत हवी असेल तर एफ३ दाबा, त्याला पेस्ट लागतच नाही.

एक बघून घ्या, फ्रीडॉसमध्ये किबोर्ड यूएस लेआउटचाच ठेवा, नाहीतर किबोर्डपुटस्ट्रिंगने पाठवलेल्या पाथमधला उलटा स्लॅश आत भलताच उमटेल आणि तुम्ही उगाच पाथ तपासत बसाल.